विमानतळ सुगम झाला, विमान कधी होणार?

आज ३ डिसेंबर. जगभर हा दिवस दिव्यांग दिन म्हणून पाळला जातो. आपल्या देशात या तारखेला आणखी एक संदर्भ आहे. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २०१५ साली याच दिवशी, केंद्र सरकारने ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू केले. सरकारी इमारती, रेल्वे स्थानके, बसगाड्या आणि विमानतळ दिव्यांगांना कोणाच्या मेहेरबानीशिवाय वापरता यावेत, हा त्यामागचा हेतू. विमानतळांपुरता सरकारी हिशेब पाहिला तर समाधान वाटावे असाच आहे. ३५ आंतरराष्ट्रीय आणि ५५ देशांतर्गत विमानतळांवर उतार, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, ब्रेल खुणांच्या लिफ्ट अशा सोयी झाल्याची नोंद आहे.

सोलापूरकरांसाठी तर हे वर्ष विमानाचेच ठरले. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत अडथळा ठरणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली गेली, तिच्यावरून गावात किती वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये होटगी रस्त्यावरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. मग यंदा ९ जूनला गोव्याचे विमान सुरू झाले आणि १५ ऑक्टोबरला मुंबईचे. इतक्या वर्षांची मागणी पुरी झाल्याचा आनंद आम्हालाही आहे. म्हणूनच आजच्या दिवशी एक प्रश्न विचारणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो: या विमानात मैंदर्गीचा चाकाच्या खुर्चीवरचा माणूस चढणार कसा?

मैंदर्गीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकच्या सीमेवरचे हे छोटे नगरपालिकेचे गाव. घरात कानडी, कचेरीत मराठी. विमानतळ पन्नासेक किलोमीटरवर, म्हणजे सोलापूरचा विमानतळ ज्यांच्यासाठी बांधला असे आपण म्हणतो, त्या पंचक्रोशीच्या पार टोकाला. विमानसेवेचा लाभ जिल्ह्याला झाला की नुसता शहराला, हे पाहायचे असेल तर मैंदर्गीतून निघून पाहावे.

तिथल्या स्टॅंडवर एसटी येते. एसटीत दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असेल तर सोबतच्या माणसालाही निम्मे भाडे माफ. सवलत चांगली आहे आणि गरिबाला तिचा मोठा आधार आहे. पण गाडीची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीला असते. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला भाऊ पाठुंगळी घेतो, वरून एखादा प्रवासी काखेत हात घालून ओढून घेतो, कंडक्टर खुर्ची मिटवून मागे टाकतो. कोणी नाही म्हणत नाही. आमच्या भागातली ही माणुसकी खरी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र तिशीतल्या, घर चालवणाऱ्या पुरुषाला आणि त्याहून अधिक बाईमाणसाला भर स्टॅंडवर, चारचौघांत, परक्या हातांनी उचलले जाणे काय असते, हे ज्याचे त्यालाच माहीत. पुष्कळ जण प्रवासच टाळतात. लग्नाला जात नाहीत, दवाखान्याची तारीख चुकवतात. गावात कोणाला कळतही नाही की हा माणूस गेल्या वर्षभरात उंबऱ्याबाहेर पडलेला नाही.

विमान ही चैन आहे, दिव्यांगांचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाचा विचार करावा. कमरेखाली संवेदना नसते, त्यामुळे एका जागी फार वेळ बसले की कातडीवर दाब येऊन जखम होते आणि ती त्याला कळतही नाही. अशी जखम भरायला महिने लागतात, चिघळली तर जिवावर बेतते. त्याला मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत दाखवायचे असेल तर आजवर सिद्धेश्वर एक्स्प्रेसची रात्र काढायची, नाहीतर सबंध दिवस मोटारीत घालवायचा, एवढेच मार्ग होते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून वंदे भारत आली, तिच्यात खुर्चीसाठी जागा आहे, ही चांगली सुधारणा. तरी विमानाचा तासाभराचा प्रवास कोणाला खरोखर हवा असेल, तर तो धडधाकट व्यापाऱ्याच्या आधी या माणसाला.

आता तो होटगी रस्त्यावर पोचला असे धरू. टर्मिनलच्या दारात उतार आहे, आत गुळगुळीत फरशी आहे. इथवर सुगम्य भारत. अडचण त्या काचेच्या दारापलीकडे सुरू होते. मोठ्या विमानतळावर टर्मिनलमधून थेट विमानाच्या दारात नेणारा एरोब्रिज असतो. छोट्या विमानतळावर प्रवासी चालत विमानापाशी जातात आणि शिडी चढतात. गोव्याला जाणारे फ्लाय९१ चे एटीआर हे पंख्यांचे विमान. त्याचे प्रवाशांचे दार शेपटीकडे असते आणि त्या दाराचीच शिडी होते, अरुंद, एका वेळी एकच माणूस मावेल अशी. मुंबईचे स्टार एअरचे एम्ब्रेअर ७६ आसनांचे जेट, त्याचे दार जमिनीपासून माणसाच्या डोक्याहून उंच. दोन्ही विमानांना वेगवेगळी व्यवस्था लागते. जेटला ॲम्ब्युलिफ्ट, म्हणजे प्रवाशाला खुर्चीसकट दाराच्या उंचीपर्यंत उचलणारी गाडी. एटीआरला लांब, कमी चढाचा उतार लावता येतो. इंडिगोसारख्या कंपनीने शिडीऐवजी असा उतार वापरण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वीच रूढ केली आहे, तेव्हा हे परदेशातले स्वप्न नव्हे. लोखंडाचा एक उतार, चाके, कठडे. आपल्या एमआयडीसीतला कोणताही चांगला फॅब्रिकेटर ते काम समजू शकेल.

शिडी पार झाली तरी आसन दूरच असते. विमानातली दोन रांगांमधली वाट इतकी चिंचोळी असते की नेहमीची व्हीलचेअर तिथे शिरत नाही. त्यासाठी आइल चेअर नावाची फळीसारखी अरुंद खुर्ची लागते. प्रवाशाला स्वतःच्या खुर्चीतून हिच्यावर घ्यायचे, छातीला, मांड्यांना, पावलांना पट्टे बांधायचे, आसनापाशी न्यायचे, पट्टे सोडायचे आणि आसनावर सरकवायचे. आसनाचा वाटेकडचा हात वर उचलता आला तर माणूस आडवा सरकतो आणि काम सोपे होते. तो हात पक्का बसवलेला असला तर माणसाला त्याच्यावरून उचलावे लागते. उचलणारे दोघे शिकलेले असले तर एक जण मागून छातीला वेढा घालून त्याचेच मनगट धरतो, दुसरा गुडघ्यांखाली हात घालतो, आणि आकडे मोजायचे काम प्रवाशाकडे असते. न शिकलेले असले तर काखेत हात घालून ओढतात. त्यात खांदा निखळतो, पॅंट वर सरकते, लघवीची पिशवी ताणली जाते. संवेदना नसलेली टाच कुठे घासली ते रात्री घरी पाहिल्यावर कळते. एवढ्या बारकाव्यांत अग्रलेखाने शिरावे का, असे वाटेल. आमच्या मते शिरलेच पाहिजे, कारण धोरण म्हणून जे काही लिहिले जाते ते शेवटी या दोन मिनिटांत खरे किंवा खोटे ठरते.

आसन कोणते द्यायचे यातही अशीच गुंतागुंत आहे. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत चालू न शकणाऱ्याला बसवत नाहीत, हा नियम सुरक्षेचा आहे आणि रास्त आहे. पण पहिली रांग दिली म्हणजे उपकार झाला, ही समजूत बरोबर नाही. पहिल्या रांगेत जेवणाचा ट्रे बहुधा आसनाच्या हातातच बसवलेला असतो, म्हणून तो हात उचलता येत नाही. एटीआरचे दार मागे असल्यामुळे तिथे पहिली रांग म्हणजे सर्वांत लांबची रांग. अनेक कंपन्या अशा प्रवाशाला खिडकीशी बसवतात, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. मात्र त्याला एकाऐवजी दोन आसने ओलांडावी लागतात. कोणते आसन जमेल हे त्या प्रवाशाला पक्के ठाऊक असते, वर्षानुवर्षे तो हेच गणित करत आलेला असतो. तिकीट काढतानाच त्याला विचारावे, त्याचे जादा पैसे घेऊ नयेत, एवढेच करायचे आहे.

विमान कंपन्यांकडे गरजा ओळखण्याची पद्धत आहे. व्हीलचेअरच्या नोंदीला तीन सांकेतिक प्रकार असतात. शेवटचे अक्षर ‘आर’ असले तर प्रवासी पायऱ्या चढू शकतो, त्याला फक्त लांब अंतर चालवत नाही. ‘एस’ असले तर पायऱ्या जमत नाहीत, आत मात्र थोडे चालता येते. ‘सी’ असले तर आसनापर्यंत नेऊन बसवावेच लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार प्रवाशाने ४८ तास आधी आपली गरज कळवावी, अशी अपेक्षा आहे. ज्याला निव्वळ चढण्या-उतरण्यापुरती मदत हवी आहे, त्याच्याकडे डॉक्टरचा दाखला मागता येत नाही. मैंदर्गीच्या माणसाने ‘सी’ची नोंद दोन दिवस आधी केली, तर त्या ४८ तासांत उतार, आइल चेअर आणि शिकलेले चार हात तयार ठेवणे ही कंपनीची आणि विमानतळाची जबाबदारी झाली. युरोपात २००६ च्या नियमाने ही मदत सरळ विमानतळाच्या माथी टाकली, म्हणून तक्रार कोणाकडे करायची हे तिथे ठरलेले आहे. आपल्याकडे कंपनी आणि विमानतळ यांच्यात ती वाटलेली आहे. वाटलेल्या जबाबदारीचे काय होते, हे सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको.

हा हक्क आयता मिळालेला नाही. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद आबिदी स्वतः व्हीलचेअर वापरत. विमानतळांवर ॲम्ब्युलिफ्ट आणि आइल चेअर हव्यात ही मागणी घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ च्या त्या निकालाने ८० टक्के आणि त्यावरील अस्थिव्यंग असणाऱ्यांना इंडियन एअरलाइन्सच्या भाड्यात सवलत मिळाली. पुढचा मोठा खटला गोव्याच्याच वाटेवरचा. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ने, म्हणजे मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या पूर्वीच्या स्पास्टिक्स सोसायटीने, तिथे परिषद भरवली होती आणि जीजा घोष तिच्या निमंत्रित होत्या. त्या स्पाइसजेटच्या विमानात आपल्या आसनावर बसल्याही होत्या. तिथून त्यांना उतरवले गेले. डॉक्टरला विचारले नाही, त्यांना धड कारणही सांगितले नाही. परिषद हुकली. त्या आणि ‘अडॅप्ट’ न्यायालयात गेल्या आणि १२ मे २०१६ रोजी न्या. सिक्री आणि न्या. अग्रवाल यांच्या पीठाने कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्या निकालाचा गाभा असा की दिव्यांगांना दया नको आहे, इतरांसारखाच मान हवा आहे. त्याच वर्षी संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला आणि विमानतळ सुगम करणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी झाली.

तरी मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला इंडिगोने विमानात घेतले नाही. सहप्रवाशांत डॉक्टर होते, ते मदतीला तयार होते, तरीही नाही. कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि नियम बदलला. आता कर्मचाऱ्याच्या मनाला वाटले म्हणून कोणाला नाकारता येत नाही. प्रवासात प्रकृती बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून मत द्यायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती. खुर्च्या कमी पडल्या, एक मिळाली ती पत्नीला दिली आणि ते तिच्याबरोबर चालत निघाले. वाटेतच कोसळले आणि गेले. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. दंडाने नियम कडक होतात, तेवढ्याने खुर्च्या वाढत नाहीत.

खुर्च्या कमी का पडतात, याचे एक कारण आपल्या मराठी घरांत आहे आणि ते मोकळेपणाने बोलायला हवे. मुलगा-मुलगी अमेरिकेत, आईवडील सोलापुरात किंवा पुण्यात. नातवंडाच्या जन्माला आईला बोलावायचे. आई ठणठणीत असते, तुळजापूरच्या पायऱ्या चढून येते. पण इंग्रजी येत नाही, परदेशातल्या विमानतळावर विमान बदलायचे, चुकली तर काय या भीतीने मुलगा तिच्या तिकिटावर व्हीलचेअर मागतो. त्याला लबाड म्हणायला आमची जीभ धजत नाही. आईला हवा असतो तो बोट धरून नेणारा माणूस, आणि तो मिळण्याची आपल्या लोकांना माहीत असलेली एकच युक्ती म्हणजे चाकाची खुर्ची. अशी सोबत देण्याची वेगळी सेवा विमान कंपन्यांकडे आहे. ती ठळकपणे सांगितली, मराठीत सांगितली आणि परवडेल अशा दराने दिली, तर ज्याला खुर्चीशिवाय गत्यंतर नाही त्याची खुर्ची मोकळी होईल. मुलांनीही तिकीट काढताना हे लक्षात ठेवावे. आपल्या आईसाठी अडकवलेली खुर्ची त्या दिवशी कोणा चालू न शकणाऱ्याच्या वाट्याची असू शकते.

स्वतःची खुर्ची विमानाच्या पोटात जाते, ही आणखी एक धास्ती. ज्याची खुर्ची मापाची असते त्याला ती पायांच्या जागी असते. अमेरिकेत विमान कंपन्यांना याचा हिशेब सरकारला द्यावा लागतो आणि २०२३ या एका वर्षात तिथे ११ हजारांहून अधिक व्हीलचेअर आणि स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा पोचल्या. आपल्याकडेही असा हिशेब कंपनीनिहाय छापला गेला पाहिजे. तोवर दोन गोष्टी प्रवाशाला मिळायलाच हव्यात. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरू द्यावी आणि उतरल्यावर दारातच परत द्यावी. आणि तिच्यावरची गादी प्रवाशाबरोबर आत जाऊ द्यावी, कारण हवेच्या कप्प्यांची ती गादीच त्याला जखमेपासून वाचवत असते. विमानतळाच्या लोखंडी खुर्चीची चाके लहान असतात, ती स्वतःच्या हातांनी ढकलता येत नाही. ढकलणारा माणूस चहाला गेला की प्रवासी भिंतीशी बसून राहतो.

आपल्याच खुर्चीत बसून उडता येईल का? विमानाच्या आसनाला अपघाताचा फार मोठा झटका सोसण्याची परीक्षा द्यावी लागते, तशी परीक्षा व्हीलचेअरची होत नाही, म्हणून आजवर उत्तर नाही असेच होते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने मात्र पार न होणारी तांत्रिक अडचण दिसत नसल्याचे म्हटले आणि २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात घडी घालून खुर्चीला जागा करून देणारे ‘एअर फॉर ऑल’ हे आसन लोकांनी पाहिले. ते आपल्यापर्यंत यायला काळ जाईल. उताराला इतका काळ लागण्याचे काही कारण नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहून मराठी वाचकाला हे जग दाखवले त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’मधून अपंग मुले शिकून नोकरीधंद्याला लागली. ही माणसे आता मुलाखतीला, प्रशिक्षणाला, खेळायला, फिरायला निघणार आहेत. निवडणुकीच्या दिवशी मैंदर्गीसारख्या गावातल्या शाळेतही मतदानासाठी उतार लागतो आणि व्हीलचेअर हजर होते. मनावर घेतले की यंत्रणेला जमते, याचा तो पुरावा आहे.

सोलापूर–मुंबई विमानाचे दर आसनामागचे नुकसान भरून देण्यासाठी राज्य सरकारने ३,२४० रुपये मंजूर केले आहेत, तेही वर्षभरासाठी. हा पैसा मैंदर्गीच्या माणसाच्याही करातला आहे, तो साखर घेतानाही कर भरतो. ज्या आसनाचे पैसे जनता भरते, त्या आसनापर्यंत जनतेतल्या कोणालाही पोचता आले पाहिजे, ही अट त्या मदतीच्या करारात घालण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे. सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ती आताच मागावी. या विमानतळावर कोणत्या विमानासाठी कोणती व्यवस्था आहे, आइल चेअर किती, मदतनीसांचे प्रशिक्षण कधी झाले, व्हीलचेअरची मागणी किती आली आणि किती जणांना नाकारले गेले, हे दर महिन्याला मराठीत आणि कानडीत जाहीर व्हावे. दिव्यांगांच्या स्थानिक संघटनांना एकदा विमान उभे असताना धावपट्टीजवळ नेऊन चढण्याची प्रत्यक्ष चाचणी घेऊ द्यावी, आणि त्यांनी दाखवलेल्या त्रुटी दूर झाल्यावरच पुढचा हप्ता द्यावा. वर्षाची मुदत पुढच्या ऑक्टोबरमध्ये संपते. मुदतवाढीचा प्रस्ताव मंत्रालयात जाईल तेव्हा त्याला या चाचणीचा अहवाल जोडलेला असावा, आणि त्यावर चढून पाहिलेल्या माणसाची सही असावी.